आप्पा रिसेटचं बटण दाबत नसत

माणूस चिडला की त्याच्या तोंडात घरची बोली येते, असा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. आप्पांचं नेमकं उलटं होतं. खुशीत असले की ते अहिराणी बोलत आणि संतापले की शुद्ध मराठी. "काय भो, जेवना का?" असं त्यांनी विचारलं की समजायचं, आज सगळं ठीक आहे. पण "आपण जरा इकडे येण्याची तसदी घेता का?" असं कानावर आलं, की खात्यातली निम्मी माणसं बॉबिनच्या पेट्यांमागे जाऊन उभी राहत.

मी त्यांचं शुद्ध मराठी पहिल्याच दिवशी ऐकलं.

मी नाशिकचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, पहिलीच नोकरी. खांडबाऱ्याला पॅसेंजरमधून उतरलो, रेल्वे फाटकापलीकडच्या सूतगिरणीत हजर झालो आणि अर्ध्या तासात माझ्यासमोर एक साचा बंद पडला. साचा म्हणजे सूत कातणारं लांबलचक यंत्र. आमच्याकडे असे बारा होते आणि प्रत्येकाच्या मोटरला एक ड्राइव्ह. ड्राइव्ह म्हणजे मोटरने किती वेगाने फिरायचं ते ठरवणारा डबा. त्याला एक छोटा पडदा आणि पडद्याखाली रिसेटचं बटण. पडद्यावर बिघाडाचा नंबर दिसत होता. मी तत्परतेने बटण दाबलं. साचा सुरू झाला. दोन बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलंदेखील.

पाठीमागून आवाज आला, "आपलं शिक्षण कुठपर्यंत झालं आहे?"

"डिप्लोमा," मी वळून म्हणालो. समोर साठीला टेकलेला, खाकी शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला, कपाळावर चष्मा चढवलेला एक बुटका गृहस्थ उभा होता.

"तो डबा आपल्याला काहीतरी सांगत होता. आपण त्याचं तोंड दाबलंत. आता तो काय सांगत होता ते आपण मला सांगा."

नंबर मी वाचलाच नव्हता. त्या दिवसापासून माझं नाव डिप्लोमा पडलं, आणि "ओ डिप्लोमा, आठे ये," अशी हाक पहिल्यांदा ऐकायला मला पुढचे तीन आठवडे वाट पाहावी लागली.

आप्पा गिरणीचे इलेक्ट्रिक फोरमन. गाव शहाद्याकडचं कळसाडी. घरी कापूस आणि ऊस, भावाच्या ताब्यात; आप्पांना शेतात करमत नसे, कारण, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, "कपाशीले बिघाड ते व्हस, पन ती नंबर दाखाडत नई." मोटर भरण्याच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. कॉलेज त्यांनी बाहेरूनच पाहिलेलं. पण ते स्वतः रिसेटचं बटण दाबत नसत. यंत्र बंद पडलं की पालथ्या पेटीवर बसत, नंबर वाचत आणि जमलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "कोनी काय नवं करं?"

काय बिघडलं, असं ते कधीच विचारत नसत. चालती गाडी आपोआप थांबत नाही. कोणीतरी काहीतरी नवं केलेलं असतं, हा त्यांचा सिद्धांत. एकदा प्रकाशा गावात त्यांच्या भाचीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांना मांडवातली वीज गेली. डीजेवाला, मांडववाला आणि जनरेटरवाला एकमेकांची आई-बहीण काढत असताना आप्पा अक्षता हातात धरून मांडवभर "कोनी काय नवं करं?" विचारत फिरले. शेवटी आइस्क्रीमवाल्याने कबूल केलं की त्याने आत्ताच फ्रीजर लावला आहे. आप्पांनी फ्रीजरची पिन काढली, मांडव उजळला, लग्न लागलं आणि आइस्क्रीम वरणासारखं वाढावं लागलं. नवरीची आई, म्हणजे त्यांची बहीण, त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलत नाही. आप्पांना त्याचं वाईट वाटत नसे. "कारन ते सापडनं ना?" म्हणत.

ड्राइव्हना त्यांनी नावं दिली होती. कंपनीच्या पत्र्याच्या पट्टीखाली ते खडूने नाव लिहीत. सात नंबरचा ड्राइव्ह विजेचा दाब जरा हलला की बंद पडायचा; त्याचं नाव जावई. तीन नंबरचा कितीही भार टाका, गुमान ओढायचा. ती मोठी सून. अकरा नंबरचा विनाकारण गुणगुणायचा, तो व्याही. एकदा बाहेरून तपासणीला आलेल्या माणसाने नोंदवही चाळताना गंभीरपणे विचारलं, "इथे लिहिलंय, जावई दुपारी रुसला, वारा घातल्यावर शांत झाला. म्हणजे काय?" आप्पांनी त्याला पंखा साफ केल्याचं दाखवलं. त्याने आपल्या अहवालात काय लिहिलं ते कळलं नाही, पण जाताना तो सात नंबरकडे जरा आदराने पाहत गेला.

इंजिनीअर लोकांविषयी आप्पांचं एक ठाम मत होतं: "ज्याले काही समजत नई, तो अर्थिंग म्हनस." हे मत खरं ठरताना मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला बाराही साचे एकाच वेळी बंद पडू लागले. एखादा नव्हे, सगळे. बाराही पडद्यांवर एकच नंबर: संपर्क तुटला. कसला संपर्क, ते सांगतो. हे सगळे ड्राइव्ह केबलच्या जाळ्याने एका मुख्य कंट्रोलरला जोडलेले होते. कंट्रोलर सेकंदात अनेक वेळा प्रत्येकाला हाक मारतो, "आहेस ना?" ड्राइव्ह म्हणतो, "आहे." हाक वेळेवर ऐकू आली नाही, तर आपल्यावर कोणाचं लक्षच नाही असं समजून ड्राइव्ह मोटर थांबवतो. सुरक्षिततेसाठी ते बरोबरच आहे. पण साचा असा अचानक थांबला की त्यावरचे शेकडो तार, म्हणजे सुताचे धागे, तुटतात. मग बायका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत एकेक तार बोटांनी सांधत जातात. सांधून होतात न होतात तो पुन्हा सगळं बंद.

सुरतेहून ड्राइव्हच्या कंपनीचा माणूस आला. आप्पांनी विचारलं, "कोनी काय नवं करं?" तो म्हणाला, "काका, अर्थिंग का प्रॉब्लेम लगता है." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. गिरणीमागे दोन खड्डे खणले गेले. त्यात मीठ ओतलं, कोळसा ओतला, तांब्याची पट्टी पुरली, वर रोज दोन बादल्या पाणी. पुढच्या दिवशी साचे दोनदा बंद पडले. त्या खड्ड्यांशेजारचं लिंबाचं झाड मात्र मिठाने वाळायला लागलं, तेव्हा आप्पांनी पाणी घालणं थांबवलं.

मी लॅपटॉप जोडून जाळ्यातली ये-जा पाहायचो. जेव्हा पाहावं तेव्हा सगळं शांत. साचे बंद पडल्यावर मी धावत जाऊन केबल जोडेपर्यंत पुन्हा शांत. आप्पा लॅपटॉपकडे बघत नसत. ते स्विचसमोर पेटी टाकून बसत. स्विच म्हणजे जिथे सगळ्या केबली एकत्र येतात तो डबा. प्रत्येक केबलीवर एक हिरवा दिवा लुकलुकतो. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "डिप्लोमा, बंद पडाना पहिले दिवा येडा व्हतस. आख्खा एकदम. कोठेतरी गर्दी व्हई ऱ्हायनी."

"कुठून?"

"तेच ते समजत नई."

दरम्यान मॅनेजर साहेबांनी आपल्या पद्धतीने शोध लावला होता. साहेब बाहेरगावचे, हुशार, कामसू आणि संशयी. त्यांनी बिघाडांच्या वेळा काढल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की साचे फक्त दिवसपाळीत बंद पडतात. दुसऱ्या दोन पाळ्यांत एकदाही नाही. आमच्याकडे सगळ्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या. अपवाद एकीचा. रमिला नावाची बाई चिंचपाड्याच्या पलीकडून डोंगरातून यायची. तिच्या गावाहून जीप फक्त सकाळी सुटायची आणि संध्याकाळी परत जायची, म्हणून तिला कायमची दिवसपाळी. आठवडा कोणाचाही असो, साचे बंद पडले तेव्हा रमिला तिथे होतीच.

एके दिवशी साहेब खात्यात आले आणि तिच्या साच्यासमोर, सगळ्यांदेखत, तिला म्हणाले, "तूच बंद करतेस. दम खायला मिळतो ना?"

रमिला तार सांधत होती. तिने हातातला तार सांधला आणि पुढचा घेतला. चार दिवसांनी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून मेमो दिला, आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

आप्पांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बंद पडावर जी बाई शेकडो तार सांधस, तीच बंद करी का? येडी शे का ती?" अहिराणीत म्हणाले, म्हणजे अजून संतापले नव्हते, नुसते चकित झाले होते. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही साहेबांशी बोला ना." ते केबिनकडे नुसतं पाहून स्विचकडे वळले.

त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. साहेबांच्या केबिनमध्ये गालिचा होता आणि दाराशी चप्पल-बूट काढायचा नियम होता. आप्पांच्या पायात घोट्यापर्यंतचे सेफ्टी बूट. तीन वर्षांपूर्वी ते एकदा बूट न काढता आत गेले, साहेबांनी बाहेर काढलं, आणि आप्पांनी शुद्ध मराठीत जाहीर केलं की ज्या खोलीत कामाच्या बुटांना प्रवेश नाही, त्या खोलीत आपलं काम नाही. तेव्हापासून ते केबिनची पायरी चढले नव्हते. साहेबांना काही सांगायचं असलं की ते चिठ्ठी लिहीत आणि चहावाल्या नानांबरोबर पाठवत. रमिलाबद्दलही त्यांनी चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं नाही.

रमिला घरी बसल्यानंतरही साचे बंद पडतच राहिले. साहेब म्हणाले, "तिचे साथीदार आहेत." आता प्रत्येक बाई शेजारणीकडे संशयाने पाहू लागली. सुपारी मागून खाणाऱ्या बायका आपापली सुपारी खाऊ लागल्या.

नवव्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच आप्पा माझ्या खोलीवर आले. "गाडी काढ. रमिलाकडे जानं शे."

"कशाला?"

"आख्खी गिरनीले इचारं. तिले इचारंच नई."

चिंचपाडा मागे टाकून आम्ही कच्च्या रस्त्याने डोंगरात शिरलो. विचारत विचारत घर सापडलं. रमिला अंगणात तूर झोडत होती. आम्हाला बघून तिने काठी खाली ठेवली, आणि घरातून तिची सासू पाण्याचा तांब्या घेऊन आली. सासूला मराठी येत नव्हतं. ती आमच्याकडे एकटक बघत दारात बसली. तिच्या मते आम्ही तिच्या सुनेला घरी बसवणारे लोक होतो, आणि ते तिच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं.

"मी काही बंद केलं नाही," रमिला आधीच म्हणाली.

"माले माहीत शे, बाई. माले दुसरंच इचारानं शे. इतला दिनमा तू नवं काय देखं? काही बी सांग."

रमिलाने विचार केला. "टीव्ही बघितला."

"कोठे?"

"साहेबाच्या खोलीत. हा एवढा, भिंतीएवढा. त्यात आपले साचे दिसतात. सगळे एकदम, तुकडे तुकडे करून."

खात्यात छताला कॅमेरे लागले होते ते आम्हाला ठाऊक होतं. पावसाळ्यात सुताच्या चोरीची ओरड झाली तेव्हा साहेबांनी ते बसवून घेतले होते. पण तेव्हा सगळं नीट चालू होतं. टीव्हीचं मात्र आम्हाला काही ठाऊक नव्हतं. आप्पा त्या खोलीत जात नव्हते, आणि मला कोणी बोलावत नव्हतं.

रमिला सांगत होती, "मेमो द्यायला बोलावलं ना, तेव्हा साहेबाने टीव्ही लावला. म्हणाला, हे बघ, माझी नजर आहे तुझ्यावर. मी बघितलं तर माझी जागा रिकामी. मी तर तिथे खोलीत होते."

"मंग?"

"मग टीव्हीतले साचे थांबले."

आप्पांनी तांब्या हळूच जमिनीवर ठेवला.

"हे तू साहेबांना सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं. मी म्हटलं, मी इथे आहे आणि साचे तिथे थांबले. साहेब म्हणाला, म्हणजे आत तुझं माणूस आहे. टीव्ही बंद केला आणि पळत गेला बघायला."

"बंद पडावर साहेब टीव्ही बंद करी जास?" आप्पांनी विचारलं.

"हो. पहिलं ते बटण दाबलं, मग पळाला."

आप्पा थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसले. मग मला म्हणाले, "डिप्लोमा, दिवसपाळीमा कायम ऱ्हास, पाळी बदलत नई, असं कोन कोन शे आपला आठे?"

"रमिला."

"आनि?"

मी आठवू लागलो. फिटर बदलतात, जॉबर म्हणजे पाळीचे मुकादम बदलतात, आप्पा आणि मीसुद्धा बदलतो. आणि मग मला आठवलं. दररोज दिवसा येणारा, रात्री कधीच नसणारा आणखी एक माणूस गिरणीत होता. तो केबिनमध्ये बसायचा.

परतताना आप्पा माझ्या मागच्या सीटवर होते. फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. डबे संपता संपेनात. तेवढ्यात माझ्या कानाशी शुद्ध मराठी ऐकू आलं.

"मी अत्यंत मूर्ख माणूस आहे."

मी वळून पाहिलं.

"नवीन वस्तू कोणती, हे मी संपूर्ण गिरणीत विचारत फिरलो. आणि ज्या एका खोलीत ती होती, त्या खोलीत मी बुटाच्या नाडीपायी गेलो नाही. त्या बाईला नऊ दिवस घरी बसावं लागलं." आप्पांना स्वतःवर शुद्ध मराठीत रागावताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्विचसमोर बसलो. मी लॅपटॉप आधीच जोडून ठेवला होता. साडेनऊला साहेबांची गाडी आत आली. दहाच्या सुमारास हिरवे दिवे एकाएकी पिसाळले. मोजता येणार नाही असे लुकलुकू लागले, आणि माझ्या पडद्यावर ओळींचा लोंढा सुरू झाला. प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या कॅमेऱ्याची. बाराही साचे थांबले. मिनिटभरात लोंढा आटला, आणि साहेब धापा टाकत खात्यात आले, "कोण होतं? कोण होतं इथे?"

आप्पा उठले. म्हणाले, "साहेब, आपण केबिनमध्ये चला. मी येतो."

केबिनच्या दाराशी ते खाली बसले आणि बूट काढू लागले. नाड्या लांब होत्या, गाठी पक्क्या होत्या. साहेब दारात उभे राहून पाहत होते. बूट निघाले तेव्हा एका पायात निळा मोजा होता आणि दुसऱ्यात तपकिरी, आणि तपकिरीतून अंगठा बाहेर आला होता. आप्पा तो अंगठा ताठ ठेवून गालिच्यावरून चालत गेले.

"खात्यातली सगळी माणसं बाहेर काढण्याची परवानगी द्यावी," ते म्हणाले. "दहा मिनिटं."

साहेबांनी परवानगी दिली. माझ्या मते त्या अंगठ्याने ते गांगरले होते. तुटलेले तार सांधून झाले, साचे सुरू झाले, आणि सगळ्या बायका, जॉबर, फिटर बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. नानांनी आपली चहाची किटलीसुद्धा बाहेर नेली.

"आता आपण सर्व चित्रं एकदम लावावीत, ही विनंती."

साहेबांनी रिमोट दाबला. टीव्हीवर सोळा चौकोन उमटले. रिकामं खातं. कोणी नाही. बारा साचे आपले आपण चालले आहेत. अर्धं मिनिट गेलं. मग पहिल्या चौकोनातल्या साच्याचा वेग उतरू लागला, दुसऱ्यातला, तिसऱ्यातला, आणि पाहता पाहता सगळे थांबले.

"कोण आहे आत?" साहेब ओरडले आणि सवयीने रिमोटकडे हात गेला.

"कोणीही नाही," आप्पा म्हणाले. "आपण मोजून घ्या. सगळे बाहेर अंगणात आहेत."

साहेबांनी खिडकीतून मोजलं. मी खात्यात जाऊन साचे सुरू केले. टीव्ही बंद ठेवला होता तोवर व्यवस्थित चालले. टीव्ही लावला. थांबले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेनंतर साहेबांनी रिमोट टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्चीत बसले.

"म्हणजे मी बंद करत होतो?"

"नाही साहेब. आपण फक्त बघत होतात."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. उत्पादनाचा आकडा ऑफिसात दिसावा म्हणून आमच्या जाळ्यातली एक केबल फार पूर्वीपासून ऑफिसच्या स्विचला जोडलेली होती. कॅमेरे बसवणाऱ्याने ते त्याच ऑफिसच्या स्विचला जोडले. थंडीच्या सुरुवातीला टीव्ही आला, आणि तो लावला की सोळाही कॅमेरे चित्रं सोडू लागत. पण आमचे स्विच साधे. चित्र कोणाचं आहे हे त्यांना कळत नाही, म्हणून ते प्रत्येक दारात एकेक प्रत टाकतात, ड्राइव्हच्या दारातसुद्धा. बिचारा ड्राइव्ह प्रत्येक प्रत उचलून बघतो, माझी आहे का, नाही, टाकून देतो, पुढची उचलतो. त्या गडबडीत कंट्रोलरची हाक त्याला ऐकू येत नाही.

"लग्नघरमा बठीसन फोनवर बोलानं असं व्हस, साहेब," आप्पा म्हणाले. आवाज अहिराणीत उतरला होता, म्हणजे राग ओसरला होता. साहेबांनाही ते कळलं असावं. त्यांनी पहिल्यांदाच त्यांना बसायला सांगितलं.

पण आप्पा बसले नाहीत. ते ऑफिसच्या स्विचपाशी गेले, आमच्या खात्याकडे जाणारी केबल शोधली आणि दोन बोटांनी काटा काढावा तशी काढली. कॅमेरे आणि साचे वेगळे ठेवणारा शहाणा स्विच पुढे दोन महिन्यांनी आला. तोवर उत्पादनाचा आकडा नाना चहाबरोबर कागदावर नेत.

साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "रमिलाचा मेमो मी रद्द करतो. तसं पत्र पाठवतो तिच्या घरी."

आप्पा दारात बूट चढवत होते. नाड्या ओढता ओढता थांबले, आणि पुन्हा शुद्ध बोलले. "पत्र आपण द्यालच. परंतु आरोप आपण केबिनमध्ये केला नव्हता. तिच्या साच्यासमोर केला होता, सगळ्यांदेखत."

साहेबांनी पालथा रिमोट सुलटा केला. मग "ठीक आहे" म्हणाले.

रमिला गुरुवारी जीपने आली. आपल्या साच्यावर उभी राहिली, कानात कापसाचे बोळे घातले आणि कामाला लागली. आमच्या खात्यात बारा साचे चालू असले की शेजारच्याशी बोलायलाही कानाला तोंड लावावं लागतं. साडेदहाच्या सुमारास साहेब आले. सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि काहीतरी म्हणाले. रमिलाने मान वर केली.

"काय?"

साहेब पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. तिने एका कानातला बोळा काढला.

"काय?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. दोन्ही बाजूंच्या बायका हात चालू ठेवून डोळे इकडे लावून होत्या. साहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि मानेच्या शिरा ताणून ओरडले, "माझी चूक झाली! तू काही केलं नव्हतंस!"

तिसऱ्या साच्यापर्यंत ऐकू गेलं, आणि तिथून पुढे हातोहात गेलं.

"बरं," रमिला म्हणाली. समोर एक तार तुटला होता. ती तो सांधायला वाकली. साहेब केबिनकडे गेले. साहेब पहिल्यांदा बोलले तेव्हाच तिला ऐकू आलं होतं, असं शेजारच्या सगळ्या बायका शपथेवर सांगतात. मी तिला विचारलं तर ती नुसती हसली, आणि शेजारणीने पुढे केलेली सुपारी तोंडात टाकली.

या सगळ्यात आप्पा कुठे दिसेनात. मी पॅनेलच्या खोलीत पाहिलं, स्टोअरमध्ये पाहिलं. शेवटी ते गिरणीच्या मागे सापडले. पालथ्या पेटीवर बसून बशीतून चहा पीत होते.

"आप्पा, कुठे होतात? तुम्ही तिथे हवे होतात! साहेब सगळ्यांसमोर ओरडून बोलले."

"कितला जोरमा?"

"तीन साच्यांपर्यंत ऐकू गेलं."

"मंग चांगलं झायं." त्यांनी बशीत फुंकर घातली.

"पण तुमच्यामुळे झालं सगळं, आणि तुम्हीच आला नाहीत?"

आप्पांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुन्हा एकदा नंबर न वाचता बटण दाबलं आहे.

"डिप्लोमा, मी तठे देखाले उभा ऱ्हातू, ते साहेबनं तोंड उघडतं का?"